कस्तुरीअक्कांची परात

हॉस्टेलच्या फाटकातून पहिल्यांदा आत येणाऱ्या प्रत्येक मुलीला कस्तुरीअक्का एकच गोष्ट सांगायच्या. मुलीच्या हातात सुटकेस, मागे बावरलेला बाप, आणि अक्का तिला जिन्याखाली बाजूला घेऊन हळू आवाजात बजावत, "हितं तुला कोण जात विचारणार न्हाई. सगळी आपलीच हैत. पण बाप काय करतो ते विचारतील, गाव विचारतील, गावात घर कुठल्या बाजूला ते विचारतील. तेवढं सांगू नको."

"मग काय सांगू?"

"बाप नोकरीला हाय म्हण. कुठं म्हटलं तर म्हण, बदलीची हाय, नेमकं ठाऊक न्हाई."

मी तेव्हा कॉलेजच्या कार्यालयात नवीनच रुजू झाले होते. नवऱ्याच्या नोकरीमुळे नागपूर सोडून बंगळुरूला आलेली, कानडी जेमतेम, आणि अख्ख्या कॅम्पसमध्ये माझ्याशी मराठीत बोलणारी एकच बाई, ती म्हणजे मुलींच्या हॉस्टेलची वॉर्डन. ती नव्या मुलींना खोटं बोलायला शिकवते, हे ऐकून मला धक्का बसला. मी तसं त्यांना स्पष्ट विचारलं. अक्का म्हणाल्या, "वर्षा, तू एक वर्ष थांब. मग तूच जिन्याखाली उभारून सांगशील."

आमचं कॉलेज आनेकलच्या रस्त्यावर आहे. दलित मुलांना शहरात कुणी खोली देत नव्हतं, त्या काळात दलितांनीच ते उभं केलं. काही शिक्षक होते, काही रेल्वेतले कामगार होते, त्यांनी जमीन घेतली, शेड बांधली, पुढे इमारती आल्या. आज त्याच संस्थेतून निघालेले लोक मंत्रालयात आहेत, बँकांत आहेत, सर्जापूर रोडवरच्या उंच इमारतींत त्यांचे फ्लॅट आहेत. त्यांच्या मुलीही इथेच शिकायला येतात. दुसरीकडे मिळत नाही म्हणून नव्हे. आजीपासूनची रीत म्हणून.

मुलींमध्ये एक जुनी संघटना आहे, तिला सगळे नुसतं 'बळग' म्हणतात. बळग म्हणजे कानडीत आपले नातलग, गोतावळा. बळगातल्या मुली एकमेकींना जन्मभर बहीण म्हणतात, आणि ते नुसतं म्हणणं नसतं. त्यांची वेगळी अभ्यासिका असते. सुट्टीतली उमेदवारी, पहिली नोकरी, पेइंग गेस्टची खोली, सगळं जुन्या बहिणी बघतात. पण बळगात अर्ज करून जाता येत नसे. बोलावणं यावं लागे, आणि आतल्या एकीनेही नाही म्हटलं तर बोलावणं येत नसे. कारण सांगायचं बंधन नव्हतं.

बोलावणं आलेल्या मुलींचा प्रवेश व्हायचा तो एका जेवणाने. त्याचं नाव 'ओंदे तट्टे', एकच ताट. हॉलच्या मधोमध मोठी पितळी परात ठेवायची, तिच्यात रागी मुद्दे, म्हणजे नाचणीच्या पिठाचा शिजवलेला भला मोठा गोळा, आणि सभोवती गरम सारू, म्हणजे पातळ आमटी. नवी आणि जुनी अशा जोडीने बसून त्याच परातीतला पहिला घास घ्यायचा. मग उठून आपापल्या पंगतीत. ज्या लोकांना बाहेर कपही वेगळा मिळत होता, त्यांनी ही रीत घालून दिली होती. ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी अक्कांना म्हटलं, "किती सुंदर आहे हे."

अक्का सारूचं पातेलं पुसत होत्या. म्हणाल्या, "हाय की. लांबून लई सुंदर हाय."

अक्का निपाणीच्या. घरात मराठी, बाजारात कानडी, आणि तिकडच्या बायकांसारखं स्वतःबद्दल 'मी येतो, मी जातो' असं बोलणं. वडील घरी चपला शिवायचे. कानडी मुलखात दलितांमध्येही उजव्या हाताचे आणि डाव्या हाताचे अशी जुनी फाळणी आहे. चामड्याचं काम डाव्यांकडे. कॉलेज उभारणारे बहुतेक उजवे होते, आणि आपण सगळे एक असं ते मनापासून म्हणत. मुलींनी मात्र कोण कुठली ते शोधून काढायच्या युक्त्या शोधल्या होत्या. देवी कुठली, आडनाव काय, वडील काय करतात. अक्का याच कॉलेजात शिकल्या होत्या. पहिल्या वर्षी बळगाच्या अध्यक्षेने त्यांना बोलावून सांगितलं, "कस्तुरी, तुझ्या हाताला चव आहे म्हणे. ओंदे तट्टेला तू वाढायला ये."

"मला वाटलं, ही सुरुवात हाय," अक्का मला म्हणाल्या होत्या. "भाकरी खाणारं माणूस मी, मुद्दे घाटायला हितंच शिकलो. दंड दुखायचे. तिन्ही वर्षं वाढलो. माझ्या हातचं चालायचं त्यांना. माझा हात परातीत चालत नव्हता."

ती अध्यक्षा म्हणजे प्रेमलता मॅडम. पुढे मोठ्या सरकारी पदावरून निवृत्त झाल्या आणि बळगाच्या जुन्या बहिणींच्या प्रमुख झाल्या. दिसायला देखण्या, बोलायला गोड, माणसाला दाराशी सोडायला येणाऱ्या. मला पहिल्याच भेटीत त्यांनी चहा पाजला आणि विचारलं, "तुमच्या नागपूरकडे आपल्यात असे भेद नसतील ना?" माझ्याआधी शेजारी उभ्या अक्काच म्हणाल्या, "असत्यात की मॅडम. नावं वेगळी असत्यात."

हे खरं होतं. मला ते आवडलं नाही, पण खरं होतं.

अक्का गोड नव्हत्या. हॉस्टेलच्या मुली त्यांना घाबरत. ओला टॉवेल पलंगावर दिसला की तो बाहेर कुंपणावर जायचा, आणि मालकिणीने सगळ्यांदेखत तो आणायचा. आजारी मुलीला त्या स्वतः रिक्षात घालून दवाखान्यात नेत, पण वाटभर तिला बोलत, "रात्रभर मोबाइल बघितलास, आता मला बघ." कुणाचे आभार त्यांना नको असत. आभार मानायला गेलं की म्हणायच्या, "सरी सरी, बरं, जा आता."

एकदा वार्षिक फोटोच्या दिवशी बळगाच्या मुलींनी रांगा लावल्या. पुढच्या बाकावर सगळ्या उजळ मुली, मागे बाकीच्या. कुणी तसं ठरवलं नव्हतं. ते आपोआप तसं झालं होतं, दरवर्षी व्हायचं. अक्का वॉर्डन म्हणून कडेला उभ्या होत्या. फोटोवाल्याने हात वर केला आणि अक्का म्हणाल्या, "अण्णा, स्वल्प थांबा." मागच्या रांगेतल्या सगळ्यांत काळ्या चार मुलींना दंडाला धरून पुढे आणलं, पुढच्या चौघींना मागे पाठवलं. एकजण कुरकुरली तेव्हा म्हणाल्या, "तुम्ही मागं असला तरी दिसताय की. पावडर एवढी लावलीय." फोटोवाला हसला, मुलीही हसल्या. तो फोटो बळगाच्या अभ्यासिकेत लागला नाही. त्या वर्षी 'फोटो नीट आला नाही' असं ठरलं.

मग रेणुका आली.

चिकोडीजवळच्या खेड्यातली मुलगी, बारीक, ताठ मानेची, बारावीला उत्तम गुण. अक्कांनी जिन्याखाली नेहमीचं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि त्याच संध्याकाळी मेसमध्ये कुणीतरी विचारलं तेव्हा मोठ्याने सांगितलं, "माझे वडील चपला करतात. हाताने. तुम्ही दुकानात घेता ना, त्या नाही, खऱ्या."

अक्का कपाळावर हात मारून माझ्याकडे आल्या. "सांगितलं होतं, सांगू नको म्हणून. पोरगी म्हणते, का न्हाई सांगायचं? काय उत्तर देऊ?"

"तुमच्याकडे उत्तर नाही?"

"उत्तर हाय. पण ते तिला सांगितलं तर ती उद्या परत जाईल."

रेणुकाला बळगात जायचं होतं, आणि तिने ते लपवलं नाही. तिला बँकेच्या परीक्षा द्यायच्या होत्या. बळगाच्या अभ्यासिकेत जुन्या बहिणी रविवारी येऊन शिकवत, मुलाखतीची तयारी करून घेत. बाहेरच्या क्लासची फी तिच्या घराला झेपणारी नव्हती. म्हणजे तिच्यासाठी ती परात हा मानाचा प्रश्न नव्हता, पुढच्या सगळ्या आयुष्याचा होता. अक्कांना तो मानाचाही होता. त्या तसं कधी म्हणाल्या नाहीत, पण ज्या दिवशी रेणुका सांगत आली की बळगाने निरोप पाठवलाय, वाढायला येशील का, त्या दिवशी मी अक्कांचा चेहरा पाहिला. इतक्या वर्षांपूर्वीचं वाक्य, जवळजवळ जसंच्या तसं.

"मी हो म्हणू का अक्का?" रेणुकाने विचारलं. "म्हणजे पुढच्या वर्षी कदाचित..."

"पुढच्या वर्षी पण वाढशील," अक्का म्हणाल्या. "त्याच्या पुढच्या वर्षी पण. न्हाई म्हणून सांग. बाकी माझ्यावर सोड."

त्या प्राचार्यांकडे गेल्या. सारखं जात राहिल्या. त्यांची मागणी साधी होती: ओंदे तट्टे ही कुणा संघटनेची नाही, संस्थेची रीत आहे. हॉस्टेलमध्ये राहणारी पहिल्या वर्षाची प्रत्येक मुलगी परातीशी बसेल, जी बसली ती बळगाची, आणि बोलावणं-बिलावणं बंद. प्राचार्य सज्जन पण भित्रे होते. त्यांनी प्रेमलता मॅडमना बोलावलं. मी टिपण घ्यायला बसले होते, म्हणून ते बोलणं मला नीट आठवतं.

मॅडम म्हणाल्या, "कस्तुरी, आपल्यात फूट पाडायची ही वेळ आहे का? बाहेर काय चाललंय बघतेस ना? आपण एक दिसायला पाहिजे."

"दिसायला," अक्का म्हणाल्या.

"तू जुनं मनात धरून बसली आहेस. मी तुला किती मानत होते. तुझ्याशिवाय एक ओंदे तट्टे झालं नाही."

"तेच की मॅडम. माझ्याशिवाय झालं न्हाई, आणि माझं झालं न्हाई."

मॅडम प्राचार्यांकडे वळून म्हणाल्या, "ठीक आहे. सगळ्या मुली बसू देत. माझी हरकत नाही. वेळ बदलते, आपणही बदललं पाहिजे." इतक्या सहज मान्य झालेलं बघून प्राचार्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. बाहेर आल्यावर मी अक्कांचं अभिनंदन केलं. त्या म्हणाल्या, "थांब गं. ही बाई दारापर्यंत सोडायला येते. आज आली न्हाई."

तरीसुद्धा त्या खूश होत्या. मी त्यांना तसं क्वचितच पाहिलं होतं. त्यांनी परात कल्हईला दिली. मेसच्या बायकांना बाजूला सारून नाचणीचं पीठ स्वतः चाळलं. पहिल्या वर्षाच्या मुलींना हात कसा धुवायचा, मुद्द्याचा घास कसा तोडायचा, न चावता सारूत बुडवून कसा गिळायचा, हे सगळं शिकवलं. निपाणीची बाई मुद्दे गिळायला शिकवते, याच्यावर म्हैसूरकडच्या मुली हसून लोळल्या.

त्या संध्याकाळी आम्ही परात घेऊन हॉलमध्ये गेलो, तर मधली जागा रिकामी नव्हती. लांब टेबलं मांडली होती, त्यांवर पांढऱ्या चादरी. टेबलांवर रांगेने स्टीलची नवी ताटं, आणि प्रत्येक ताटावर एकेका मुलीचं नाव छापलेली चिठ्ठी. पहिल्या वर्षाच्या सगळ्या मुलींची नावं होती. एकही गाळलेली नव्हती. कडेला प्रेमलता मॅडम उभ्या, हात जोडून सगळ्यांचं स्वागत करत होत्या.

"हे काय?" अक्कांनी विचारलं.

"हायजीन," मॅडम म्हणाल्या. "साथीनंतर सगळीकडे असंच करतात. एवढ्या सगळ्या मुली, सगळ्यांचे हात एकाच परातीत, बरं नाही दिसत. शिवाय बघ, प्रत्येकीला स्वतःचं ताट. कायमचं. जुन्या बहिणींकडून भेट."

"साथ होती तेव्हा बंद ठेवलं होतं, बरोबर केलं," अक्का म्हणाल्या. "साथ गेली, परत सुरू झालं. मागच्या वर्षी एका परातीत जेवला. त्याच्या मागच्या वर्षी जेवला. तेव्हा जंतू आले न्हाईत. आमच्या पोरी आल्या, आणि जंतू आले."

मॅडमनी आवाज चढवला नाही. त्या म्हणाल्या, "कस्तुरी, तुला सगळ्या मुली हव्या होत्या. सगळ्या आहेत. आता आणखी काय पाहिजे?"

नियम पाळला गेला होता. कुणाचा अपमान झाला, असं दाखवता येणार नव्हतं.

अक्कांनी मेसच्या बाईच्या मदतीने परात टेबलांच्या मधल्या वाटेत, जमिनीवर ठेवली. पदर खोचला आणि मांडी घालून तिच्यासमोर बसल्या. म्हणाल्या, "ज्यांना यायचं त्यांनी या."

कुणी हललं नाही. मला ते सहन झालं नाही, मी चप्पल काढून त्यांच्या समोर बसायला वाकले. त्यांनी हाताने अडवलं. "तू ऊठ. तू कार्यालयातली. तू बसलीस तर म्हणतील, दोघी मराठी बायका बसल्या. ह्यांच्यातली एक तरी यायला पाहिजे."

मी उठले. सगळ्या नजरा रेणुकाकडे गेल्या होत्या. ती टेबलाशी आपल्या नावाचं ताट दोन्ही हातांनी धरून उभी होती. तिच्या एका बाजूला बळगाची अध्यक्षा होती, दुसऱ्या बाजूला रिकामी खुर्ची. अध्यक्षेने ती खुर्ची थोडी मागे ओढली आणि म्हणाली, "बस ना रेणुका." तिला नावाने हाक मारली होती, पहिल्यांदाच. रेणुकाने अक्कांकडे पाहिलं, मग खाली ताटाकडे पाहिलं, आणि ती खुर्चीवर बसली. तिच्यामागून सगळ्या खुर्च्यांची करकर झाली, आणि जेवण सुरू झालं.

अक्कांनी मुद्द्याचा घास तोडला, सारूत बुडवला, गिळला. दुसरा तोडला. त्या सावकाश, पोटभर जेवल्या. कुणाच्या लक्षात राहावं म्हणून नव्हे. अन्न टाकायची त्यांना सवय नव्हती. मग परात उचलून स्वतः घासायला घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी रेणुका त्यांच्या खोलीत आली. मी तिथेच होते. ती दारात उभी राहून म्हणाली, "अक्का, तुम्ही रागावलात?"

मला वाटलं होतं, अक्का म्हणतील, तुझ्यावर नाही गं. त्या म्हणाल्या, "रागावलोय. त्यांच्यावर हाय, तुझ्यावर पण हाय. तू बरोबर केलंस, तरी हाय. दोन्ही एकदम असतंय माणसाला. जा, रविवारचा क्लास चुकवू नको."

रेणुकाने एकही रविवार चुकवला नाही.

त्याच वर्षी अक्का निवृत्त झाल्या आणि निपाणीला भावाकडे गेल्या. फोनवर बोलणं व्हायचं. हॉस्टेलचं विचारायच्या, नळ, पाणी, मेसचा तांदूळ. बळगाबद्दल कधी विचारलं नाही. नवी ताटं छान टिकली होती. परात मेसच्या माळ्यावर गेली. पुढच्या वर्षी समारंभाचं नाव तेच राहिलं, ओंदे तट्टे, आणि त्यात काही चुकतंय असं कुणाला वाटेनासं झालं. चिठ्ठ्यांमुळे एक सोय मात्र झाली. कोण कुणाशेजारी बसणार ते आधीच ठरवता येऊ लागलं.

रेणुका तिसऱ्या वर्षाला बळगाची अध्यक्षा झाली. डाव्यांची पहिली. प्रेमलता मॅडमनी भाषणात त्याचा उल्लेख केला, आपल्या संस्थेत भेद उरलेले नाहीत याचा पुरावा म्हणून. मी ही बातमी अक्कांना फोनवर सांगितली. त्या म्हणाल्या, "हुशार हाय पोरगी." मग पुढे, "तिला म्हणावं, पहिल्या वर्षाच्या पोरींकडं लक्ष दे." मी निरोप दिला. रेणुका हो म्हणाली.

त्या थंडीत अक्का गेल्या. हृदयविकाराचा झटका, दवाखान्यात पोचायच्या आतच. भावाचा फोन मला आला. मी प्राचार्यांना सांगितलं, हॉस्टेलला सांगितलं, शोकसभेसाठी हॉल ठरवला. दुपारी बळगाकडून फलकावर लावायचा मजकूर माझ्या टेबलावर आला. 'आमच्या ज्येष्ठ भगिनी कस्तुरीअक्का यांना बळगाची भावपूर्ण श्रद्धांजली.' खाली अध्यक्षेची सही.

मी रेणुकाला बोलावून घेतलं. ती आली. डोळे लाल होते, खोटे नव्हते.

मी म्हटलं, "हे दुरुस्त करून आण. त्या वॉर्डन होत्या. या कॉलेजच्या माजी विद्यार्थिनी होत्या. तेवढं लिही. बळगाने त्यांना कधी घेतलं नव्हतं."

ती म्हणाली, "मॅडम, मी स्वतः भांडून हे लिहायला लावलंय. प्रेमलता मॅडमसुद्धा हो म्हणाल्या. आता भगिनी लिहिलं तर काय बिघडतं?"

"आता काही बिघडत नाही," मी म्हटलं. "म्हणूनच त्या हो म्हणाल्या."